घाट उतरताना एबीएसचा फ्यूज काढणाऱ्यांसाठी

गेल्या शुक्रवारी सप्तशृंगी गडावरून परतल्यावर भाऊजींनी मला फोन केला आणि मोठ्या समाधानाने सांगितले की, यंदा घाट उतरताना गाडीचा ब्रेक पूर्वीच्या गाड्यांसारखा खणखणीत लागला, कारण निघण्यापूर्वी त्यांनी एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाके जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून ठेवला होता. गाडीत ताई होती, दोन्ही भाचरे होती, नांदुरीच्या वर श्रावणातले धुके होते आणि रस्ता ओला होता. हा सल्ला कोणी दिला असे विचारल्यावर त्यांनी मला एक संदेश पाठवला. 'गाडीतला कॉम्प्युटर तुमचा शत्रू' असे त्याचे शीर्षक असून, 'एका निवृत्त इंजिनिअरने सांगितलेले सत्य' म्हणून तो सध्या नाशिकमधल्या बहुतेक गटांत फिरत आहे.

त्या संदेशात सहा गोष्टी आहेत. कंपन्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टायमर बसवतात आणि वॉरंटी संपली की गाडी मुद्दाम बिघडवतात. घाटात एबीएस ब्रेक सोडून देतो, म्हणून त्याचा फ्यूज काढावा. महिन्यातून एकदा बॅटरीची वायर सोडून ठेवली की ईसीएम ताजातवाना होऊन मायलेज वाढते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक डबी खोचली की तीस टक्के इंधन वाचते. मोबाइल टॉवरजवळ गाडी आपोआप वेग घेते. आणि इंजिनचा पिवळा दिवा हा सर्व्हिस सेंटरने पैसे उकळण्यासाठी काढलेला मार्ग असल्यामुळे त्यावर काळी टेप चिकटवावी. मी बरीच वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्यांचे, काम केले आहे. असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु आपल्याच घरातली चार माणसे त्यावर विश्वास ठेवून घाट उतरून येतात, तेव्हा गप्प बसणे शक्य होत नाही.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्या सूचनांनी पैसे जातील, या सूचनेने माणसे जातील.

एबीएसचे काम फार मर्यादित आहे आणि तेच लोकांना माहीत नसते. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. जोराने ब्रेक दाबल्यावर एखादे चाक बाकीच्यांच्या मानाने एकाएकी मंदावू लागले, म्हणजेच ते आता फिरायचे सोडून घसरणार असे दिसले, की कंट्रोल युनिट त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब व्हॉल्व्हच्या साहाय्याने क्षणभर रोखते, थोडा कमी करते आणि पुन्हा वाढवते. हे सेकंदाला अनेक वेळा घडते आणि पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळेच. त्या थरथरीला संदेशात 'ब्रेक सोडून देणे' म्हटले आहे. वास्तविक पुढचे चाक जॅम होऊन घसरू लागले की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते, आणि घाटाच्या वळणावर सरळ जाणे म्हणजे काय, हे गडाचा रस्ता पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

याहून महत्त्वाचे असे की, चाक घसरण्याच्या बेतात येईपर्यंत एबीएस काहीच करत नाही. ताशी तीस किलोमीटरने, हलका ब्रेक दाबत उतरणाऱ्या गाडीत तो केवळ चाकांकडे पाहत बसलेला असतो. मग गेल्या वर्षी भाऊजींना उतारावर ब्रेक ढिला का वाटला? मी त्यांना विचारले, "भाऊजी, गेल्या वर्षी कुठल्या गिअरमध्ये उतरलात?" ते म्हणाले, "चौथ्या. डिझेल कमी लागतं ना." तिथेच उत्तर मिळाले. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव जवळजवळ मिळत नाही, गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, डिस्क आणि पॅड तापत जातात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे कोरे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानकाचा दंडक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रवासारखा दाब वाफ पुढे नेत नाही, त्यामुळे पेडल स्पंजासारखे खाली जाते. भाऊजींनी तीन वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदललेले नव्हते. यंदा मात्र धुक्याच्या भीतीने ते सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक तापलेच नाहीत, आणि त्याचे श्रेय मिळाले फ्यूजला.

शनिवारी सकाळी मी इंदिरानगरला त्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडी पाहिली. तीस अँपिअरचा तो हिरवा फ्यूज कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात, आरतीच्या पुस्तकाशेजारी ठेवला होता. चावी फिरवून इंजिन सुरू केल्यावर एबीएसचा पिवळा दिवा पेटून राहिला, ते अपेक्षितच होते. पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही विझला नाही. भाऊजींचा समज असा की, हँडब्रेकचा दिवा अडकला आहे. हँडब्रेक पूर्ण खाली होता आणि टाकीतले ऑइलही पातळीत होते. तो लाल दिवा ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी व्यवस्था, बंद पडल्याचे सांगत होता, आणि त्या संदेशात या गोष्टीचा उल्लेखसुद्धा नाही.

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागच्या चाकांना पुढच्याइतकाच दाब दिला, तर ती आधी घसरतात आणि गाडीची शेपूट फिरते. जुन्या गाड्यांत मागचा दाब आवरण्यासाठी एक यांत्रिक व्हॉल्व्ह असे. एबीएस आल्यावर अनेक गाड्यांतून तो काढून टाकला गेला, कारण तेच काम ईबीडी या नावाने एबीएसचे युनिट करू लागले. म्हणजे फ्यूज काढल्यावर गाडी 'पूर्वीच्या गाड्यांसारखी' होत नाही, कारण पूर्वीच्या गाड्यांत जे होते तेही तिच्यात उरलेले नसते. उतारावर वजन आधीच पुढे गेलेले, रस्ता ओला, आणि मागच्या चाकांना आवरणारे कोणी नाही, अशा स्थितीत माझी बहीण आणि तिची मुले गडावरून खाली आली. गाडीत ईएससी, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, असेल, तर तीही याच युनिटवर चालते आणि याच फ्यूजबरोबर जाते.

या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सुट्या खडीवर किंवा मुरुमावर एबीएस असलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागू शकते, कारण जॅम झालेले चाक पुढे खडीचा ढीग गोळा करून त्यात रुतते आणि एबीएस ते होऊ देत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००९ साली एबीएसच्या दीर्घकालीन परिणामांचा एक अहवाल प्रसिद्ध केला, तोही एबीएसची आंधळी भलामण करत नाही. जीवघेण्या अपघातांच्या एकूण संख्येवर एबीएसचा परिणाम जवळपास शून्य आहे, आणि मोटारी रस्त्याबाहेर जाऊन होणारे जीवघेणे अपघात तर ९ टक्क्यांनी वाढले, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. संदेश लिहिणाऱ्याने हा अहवाल वाचला असता, तर त्याला निदान एक बरा पुरावा तरी मिळाला असता. पण त्याच अहवालात पुढे आहे की, पादचाऱ्यांना धडकून होणारे जीवघेणे अपघात १३ टक्क्यांनी आणि ओल्या रस्त्यावर दुसऱ्या वाहनाशी होणारे १२ टक्क्यांनी घटले. जीवघेणे नसलेल्या अपघातांत मोटारी सापडण्याचे प्रमाण ६ टक्क्यांनी कमी झाले. आणि एबीएसला ईएससीची जोड मिळाली की जीवघेणे व साधे अशा दोन्ही प्रकारच्या अपघातांचा मोठा भाग टळेल. ओला रस्ता, रस्त्यावर पायी चालणारे भाविक आणि समोरून येणारी एसटी हे गडाच्या रस्त्याचे रोजचे चित्र आहे. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचा झाला, तो काही फ्यूज कागदात गुंडाळून ठेवण्यासाठी नव्हे.

आता टायमरविषयी. कंपन्या सॉफ्टवेअरमध्ये काही लपवतच नाहीत, असे मी म्हणणार नाही, कारण फोक्सवॅगनने तेच केले होते. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होते आणि ते प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. परंतु ते उघड कसे झाले हेही पाहावे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका छोट्या गटाने मोजणीचे उपकरण गाडीत ठेवून ती रस्त्यावर चालवली आणि धुरातले आकडे जुळत नाहीत हे दाखवले. नजरेला न दिसणाऱ्या वायूची चोरी अशी पकडली जाते. मग ठरावीक तारखेला बंद पडणाऱ्या लाखो गाड्या आणि त्यांचे ईसीएम उघडून दुरुस्त करणारे देशभरातले हजारो कारागीर यांच्या नजरेतून हा टायमर सुटला, असे मानायचे का?

वॉरंटीनंतर बिघाड वाढतात हे खरे आहे, आणि त्याची कारणे बॉनेट उघडल्यावर दिसतात. माझ्या हाताखालून गेलेल्या बिघाडांपैकी खुद्द ईसीएम जळाल्याचे प्रसंग अगदी थोडे होते. बहुतेक वेळा उंदराने कुरतडलेली वायर असे, किंवा चेसिसवर ढिला झालेला अर्थिंगचा बोल्ट, किंवा प्रेशरने गाडी धुताना कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. असा कनेक्टर सोडवला की आतल्या पिनेवर बुरशीसारखा हिरवा गंज दिसतो, आणि तेवढ्या गंजाने सेन्सरचा व्होल्टेज बदलून इंजिन धक्के खाऊ लागते. गाडीतली निरनिराळी कंट्रोल युनिटे एकमेकांना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून निरोप पाठवतात. कॅन नावाची ही पद्धत बॉशने १९८६ साली जाहीर केली. या जोडीतली एक वायर सोलली गेली तर डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे पेटतात, आणि मालकाला वाटते की सगळी गाडीच गेली.

बॅटरीची वायर काढण्याने मायलेज वाढत नाही. इंजिनाचा ईसीएम ऑक्सिजन सेन्सरकडून येणारी माहिती पाहून इंधनाचे प्रमाण थोडे थोडे सुधारत जातो आणि ती सुधारणा लक्षात ठेवतो. अनेक गाड्यांत बॅटरी काढली की हे शिकलेले पुसले जाते, गाडी काही काळ ओबडधोबड चालते आणि ईसीएम पुन्हा तेच शिकतो. वहीत वर्षभराचा हिशेब लिहायचा आणि दर महिन्याला ती वही गोदावरीत सोडायची, असा हा प्रकार आहे.

त्या डबीबद्दल जास्त लिहावेसे वाटत नाही. भाच्याने ऑनलाइन मागवलेली तसली एक डबी मी उघडून पाहिली, तर आत एक लहानशी चिप आणि लुकलुकणारे तीन एलईडी होते. कॅनच्या वायरींशी बोलायला जो ट्रान्सीव्हर लागतो, तो तिच्यात नव्हताच. सॉकेटमधून ती फक्त बॅटरीचा करंट घेत होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही तिला सापडले नाही.

मोबाइल टॉवरच्या मुद्द्यावर एवढेच सांगतो की, बाहेरच्या विद्युतचुंबकीय लहरींनी गाडीची यंत्रणा बिघडू नये यासाठी आपल्याकडे एआयएस-००४ या मानकाचा तिसरा भाग आहे आणि गाडीला त्यानुसार चाचणी द्यावी लागते. टॉवरजवळून जाताना गाड्या खरोखरच उधळत असत्या, तर कॉलेज रोडवर एकही गाडी सरळ चालली नसती.

इंजिनच्या पिवळ्या दिव्यावर टेप लावणाऱ्यांनी निदान एक फरक लक्षात ठेवावा. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी आणून दुसऱ्या दिवशी कोड वाचून घेता येतो. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असते. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी बाजूला घ्यावी. एक स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल वेळेवर न बदलल्यामुळे जो कन्व्हर्टर घालवावा लागतो, त्याचे बिल पाहिल्यावर माणूस टेपही काढतो आणि संदेशही पुसतो. दिव्याच्या नावाखाली नको ते सुटे भाग बदलणारी सर्व्हिस सेंटरे आहेत, हे मात्र मी नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणजे कोणता कोड आला ते कागदावर लिहून मागावे आणि दुसऱ्या कारागिराला दाखवावे.

भाऊजींच्या गाडीत मी फ्यूज बसवला, दोन्ही दिवे विझले, आणि पाथर्डी फाट्यापलीकडच्या एका मोकळ्या, ओल्या रस्त्यावर मी त्यांना ताशी चाळीसच्या वेगाने जोरात ब्रेक दाबायला लावला. पेडल थरथरले. ते म्हणाले, "हीच ती थरथर होय? मी तर गेल्या वर्षी असं काही पाहिलंच नव्हतं." दुपारी गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलून घेतले, जुने ऑइल बाटलीत उतरले ते काळ्या चहाच्या रंगाचे होते. मूळ संदेश त्यांनी दोन गटांत पुढे पाठवला होता, म्हणून दोन्हीकडे निदान फ्यूजपुरती दुरुस्ती पाठवा, असे मी त्यांना सांगितले. सोसायटीच्या गटात त्यांनी ती लगेच पाठवली. दुसरा गट त्यांच्या साडूंचा आहे, तिथे उद्या पाठवतो म्हणाले होते, त्याला आज चौथा दिवस आहे.