सर्व सैन्यासह अगत्य येण्याचे करावे

दुसऱ्याच्या देशात फौज घुसवायची आहे, पण लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते? रणगाड्यांचं नंतर बघू, आधी पत्रिकेचं बघा. न बोलावता गेला तो आक्रमक, आग्रहाचं बोलावणं दाखवू शकला तो पाहुणा. लग्नाला आणि लष्कराला नियम एकच.

बोलावणं कोणाचं, याचा घोळ घालू नका. 1968 साली चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षातल्या वासिल बिल्याक आणि आणखी चौघांनी मॉस्कोला 'वाचवा हो' असं पत्र धाडलं. तेही रशियनमध्ये, पाहुण्यांना वाचायला त्रास नको. ब्रातिस्लाव्हातल्या एका सार्वजनिक शौचालयात ते या हातातून त्या हातात गेलं म्हणतात. 20 ऑगस्टच्या रात्री पाहुणे रणगाड्यांसह हजर! पत्र 1992 पर्यंत मॉस्कोच्या कपाटात. इतकी जपून ठेवलेली पत्रिका तुमच्या घरी तरी आहे का?

अफगाणिस्तानचे सत्ताधीश हफीझुल्ला अमीन यांनी काबूलहून सोव्हिएत फौज खरोखरच मागितली होती, एकदा सोडून अनेकदा. ती आली आणि 27 डिसेंबर 1979 ला ताजबेग महालात तिनं आधी यजमानच उडवला. नवा यजमान ती सोबत घेऊनच आली होती.

कागद वेळेत तयार नसला तरी मुहूर्त चुकवू नका. अमेरिकी फौजा कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर 25 ऑक्टोबर 1983 ला उतरल्या. तिथले गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांच्या विनंतीपत्रावर तारीख 24 ची, सही मात्र फौजा उतरल्यानंतरची. (मागची तारीख टाकायला मराठी माणसाला कोणी शिकवायला नको.) संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 108 विरुद्ध 9 मतांनी निषेध केला. त्यानं आपल्या नाश्त्यात काडीचा व्यत्यय आला नाही, असं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेब म्हणाले. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असला की भूक अशी शाबूत राहते.

अस्सल पत्रिकेच्या नादी मात्र लागू नका. ती आपण 1987 साली कोलंबोत घेतली, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सहीची, राजरोस. दोन वर्षांत त्यांच्या जागी आलेले प्रेमदासा 'निघा आता' म्हणू लागले. तोवर आपले शेकडो जवान कामी आले होते, शेवटी आकडा बाराशेच्या घरात गेला.

आणि कधीमधी खरीच हाक येते. 11 जानेवारी 1994 ला रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख दालेर यांनी राजधानी किगालीहून कळवलं, कत्तलीची तयारी चालली आहे, लपवलेली शस्त्रं जप्त करू द्या. न्यूयॉर्कच्या मुख्यालयानं सांगितलं, छापा नको, राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाला. म्हणजे ज्यांच्या गोटातली शस्त्रं, त्यांच्याच! एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा सुरक्षा परिषदेनं 21 तारखेला एकमतानं शांतिसेना 270 माणसांवर आणली. ठराव कसा लिहायचा तेवढं त्यातून शिकून घ्या: हिंसाचारानं हादरून गेल्याचं आधी लिहायचं, माणसं किती ठेवायची ते खाली.