घड्याळाजवळचे आयकॉन पुन्हा काळे का झाले: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. पाच आयकॉन बदलायचे ७५० रुपये घेतले, सतरा दिवसांत त्यातले तीन पुन्हा काळे झाले, चॅटच्या अ‍ॅपवरचा लाल ठिपका गायब झाला, आणि दुकानात फोन केल्यावर “अपडेट आलं की असं होतंच” एवढंच ऐकायला मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं तसंच घडलंय. शेवटी ‘फसवणूक’ हा शब्द वापरलाय, तो मात्र मला लागला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मागची हकिगत थोडक्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काकांच्या कॉलेज रोडच्या ऑफिसातले तीन डेस्कटॉप धडधाकट होते, पण विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हते. त्यांच्यावर आम्ही लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. मिंट उत्तम चाललं. अडचण आली ती खालच्या पट्टीत उजवीकडे, घड्याळाशेजारी. पट्टी गडद, आणि काही अ‍ॅपची चिन्हंही काळीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती दिसतच नाहीत, हे काकांनी रिव्ह्यूत स्वतःच लिहिलंय. बॅकअपचं अ‍ॅप बंद पडलेलं चार दिवस कळलं नव्हतं, ते यामुळेच. म्हणजे चिन्हं पांढरी करायचं हे काम हौसेचं नव्हतं, गरजेचं होतं.

आता ते काम काय असतं ते सांगते. चांगल्या वळणाचं अ‍ॅप पट्टीला फक्त नाव सांगतं, “मला अमुक नावाचं चिन्ह द्या”. मग पडदा आणि पट्टी सांभाळणारा प्रोग्रॅम ते नाव तुमच्या थीममध्ये, म्हणजे निवडलेल्या चिन्हांच्या संचात, शोधतो, तिथे नसेल तर ती थीम ज्या थीमवर बेतलेली आहे तिच्यात, आणि शेवटी हायकलर नावाच्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये. लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी सामायिक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने हा नियम लिहून ठेवलाय. अशा अ‍ॅपचा आयकॉन बदलायचा तर त्याच नावाचं चित्र तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमधल्या आयकॉनच्या जागी ठेवलं की झालं. अपडेट तिथे हात लावत नाही. तुमचे जे दोन आयकॉन अजून पांढरे आहेत, ते असे आहेत.

बाकीचे तीन हट्टी. ते थीमला विचारतच नाहीत, स्वतःचं चित्र सोबत घेऊन येतात. एकाचं चित्र प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये साधी पीएनजी फाईल म्हणून पडलेलं असतं. दुसरं इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने प्रोग्रॅम बनवायच्या साधनावर, बनवलेलं आहे, त्याची चित्रं आणि कोड एएसएआर नावाच्या एकाच बंद गाठोड्यात बांधलेली असतात. तिसरं फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट वेगळ्या बंद डब्यात देणाऱ्या पद्धतीतून, आलेलं. पहिल्या दोघांसाठी आम्ही हार्डकोड-ट्रे नावाची मोफत स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम, वापरली. कुठल्या अ‍ॅपचं चित्र कुठे असतं याची यादी तिच्याकडे असते. ती मूळ चित्र बाजूला ठेवते आणि थीममधलं चित्र योग्य मापात, म्हणजे तुमच्याकडे २२ पिक्सेलमध्ये, त्या जागी बसवते. दिसायला काम चोख होतं. पण अ‍ॅपचं नवीन पॅकेज आलं की मिंट त्या पॅकेजच्या सगळ्या फाईली पुन्हा लिहितं. सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली असेल तर ते आधी विचारतं. चित्राबद्दल विचारत नाही. सतरा दिवसांत तेच झालं.

हे मला माहीत होतं. तुम्हाला आधी सांगितलं नाही, ही चूक आमची. लिनक्सची नाही, आणि अपडेट वेळेवर करणाऱ्या तुमच्या ऑफिसची तर मुळीच नाही. “असं होतंच” हे उत्तर आमच्या दुकानातून जायला नको होतं. फोनवर जो मुलगा होता त्याला मी हे बोललेय. त्याला कारण ठाऊक होतं, समजावून सांगायचा कंटाळा केला.

लाल ठिपक्याचं तर जास्तच वाईट वाटतं. त्या चॅटच्या अ‍ॅपची दोन चित्रं असतात, एक साधं आणि एक न वाचलेला मेसेज असताना दिसणारं. आमच्या थीममध्ये दुसऱ्यासाठी चित्र नव्हतं, म्हणून दोन्हीकडे तेच साधं चित्र टाकलं गेलं. तुम्हाला नीट दिसावं म्हणून केलेल्या कामात दिसायची गोष्टच पुसली गेली. तपासताना एक मेसेज पाठवून बघितला असता तरी कळलं असतं. आम्ही बघितलं नाही.

फ्लॅटपॅकवालं अ‍ॅप तर घ्यायलाच नको होतं. त्याच्या फाईली बाहेरून बदलायच्या नसतात. आम्ही ओढूनताणून बदल केला, पुढच्या अपडेटला अख्खी नवी प्रत उतरली आणि तो गेला. त्याचे पैसे घेणं चूकच.

मग आता काय. साध्या पीएनजीवाल्यासाठी मिंटमधलीच डीपीकेजी-डायव्हर्ट ही कमांड वापरते. त्याने पॅकेजची नवी फाईल दुसऱ्या नावाने बाजूला पडते आणि आपली जागेवर राहते. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी चित्राची जागाच बदलली नाही, तर ते टिकेल. गाठोडेवाल्याला हा उपाय लावणार नाही, कारण त्यात कोडही असतो. जुनं गाठोडं धरून ठेवलं आणि भोवतालचा प्रोग्रॅम नवा झाला तर अ‍ॅप उघडायचंच बंद होईल. त्याच्यासाठी प्रत्येक अपडेटनंतर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट बसवते. ती चित्र पुन्हा लावेल, आणि जमलं नाही तर पडद्यावर तसं सांगेल. लाल ठिपक्याचं चित्र मी स्वतः काढलंय, २२ पिक्सेलमध्येही ठिपका उठून दिसेल इतका मोठा.

तिसऱ्यासाठी एक सुचवते, आणि खरं तर हे मी पहिल्याच दिवशी सुचवायला हवं होतं. पट्टीच उजळ करूया. सिनॅमनच्या, म्हणजे तुमच्या मिंटचा पडदा आणि पट्टी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, थीम सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. काळं चिन्ह पांढऱ्या पट्टीवर आपोआप दिसेल, कुठल्याही अ‍ॅपच्या पोटात शिरावं लागणार नाही. मग बाकीच्यांसाठी पांढऱ्याऐवजी काळी चिन्हं लावायची, तेवढं मी बघते. पट्टीची उंचीही थोडी वाढवूया. तुम्हाला गडदच हवी असेल तर तसंही ठेवू, फक्त तिसरं अ‍ॅप काळंच राहील हे आधीच सांगून ठेवते.

कायमचा इलाज अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हातात आहे. क्यूटी या प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचात तर थीममधून नावाने चिन्ह घ्यायची सोय तयारच असते, वापरायची इच्छा हवी. तिघांनाही तुमच्यासारख्या ग्राहकांची अडचण लिहून विनंती पाठवलीय. ते करतीलच असं वचन मी देऊ शकत नाही.

‘माझा भाचा हे फुकटात करतो’ असं तुम्ही लिहिलंय. करत असेल, आनंद आहे. पण या कामाला आमचे दोन तास गेले आणि त्याचे पैसे मागण्यात मला गैर वाटत नाही. गैर होतं ते टिकणार नाही हे न सांगता मागणं. म्हणून ७५० रुपये पूर्ण परत करतेय, आणि वरचं काम त्याशिवाय. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. आज तुमच्यासमोर जे आहे त्याला दोन स्टार बरोबर आहेत.

शनिवारी चारनंतर मी स्वतः ऑफिसात येते. तोवर बॅकअप चालू आहे का हे आयकॉनवरून ठरवू नका. बॅकअपच्या ड्राइव्हवर आजची तारीख असलेली फाईल दिसतेय का, एवढं रोज संध्याकाळी निघताना कुणालातरी बघायला सांगा. नसेल तर रात्रीसुद्धा फोन करा, मी उचलेन.