अंकल, फ्रेम में आ रहे हो

इंदूरच्या राजवाड्यात आम्हीही तिकीट काढूनच शिरलो होतो. मग चौकात उभं राहायला कुठल्यातरी फोटोग्राफरची परवानगी कशाला हवी?

बाबा ७८ वर्षांचे. तरुणपण इंदुरात गेलेलं. १९८४ च्या दंगलीत वाडा पेटला तेव्हा ते तिथेच होते. मागचा भाग खाक झालेला त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. पुढे वीसेक वर्षांनी उषाराजे होळकरांनी पुढाकार घेऊन तो पुन्हा उभा करवला, तो मात्र बघायचा राहिला होता. म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून आले. मल्हारी मार्तंडाला हात जोडायचे आणि चौकात दहा मिनिटं टेकायचं, एवढीच इच्छा.

टेकणार कुठे, डोंबल? एका कमानीत प्री-वेडिंगवाले, दुसरीत रीलवाली. नवरीचा घागरा पार खांबापर्यंत पसरलेला. एक पोरगा तो हवेत उडवायचा आणि कॅमेऱ्याबाहेर पळायचा. उडव, पळ. उडव, पळ. चौदा वेळा! मी मोजलं, दुसरं करायला होतं काय? नवरदेवाच्या हातात प्लॅस्टिकची तलवार. मल्हाररावांच्या वाड्यात!! बाबा जरा खांबाला टेकले, तर लगेच, ‘अंकल, फ्रेम में आ रहे हो, थोड़ा साइड.’ अरे, हे अंकल तुझ्या जन्माआधीपासून इथे येताहेत!

तरी मी गिळलं. बाबांनीच हात दाबला, ‘जाऊ दे गं.’ सरकलो. तिथे सेल्फी स्टिकवाली हजर. पुन्हा सरकलो.

मग त्या दीडशहाण्याने गुलाबी धुराचं नळकांडं पेटवलं. १८०१, १९०८, १९८४. तीनदा आगीत होरपळलेला वाडा हा! दर्शनी सात मजल्यांपैकी वरचे चार लाकडाचे! आणि तू खाली धूर काढतोस? कशासाठी, तर म्हणे ‘ड्रीमी लुक’. माझं टाळकंच सटकलं. भर चौकात मराठी-हिंदी जे तोंडात आलं ते सुनावलं. उत्तर काय मिळावं? ‘आंटी, सिर्फ कलर है.’

कलर! इकडे वास नाकात गेल्याबरोबर बाबा मान वर करून एकेक मजला बघायला लागले होते. आंटीला काय म्हणायचं ते म्हण रे, पण त्या माणसाकडे एकदा बघ तरी.

नाहीच बघितलं. नवरीला ‘चिन अप’ सांगत होता.

दोन तासांत बाबांचा चौकातला एकच फोटो मिळाला. त्यातही डाव्या खांद्यावरून तो मेला घागरा उडतोय.