एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून घरात सीआयडी कशाला?

ओळखीतल्या एका ताईंची एचपीव्ही टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होऊ शकतो त्या विषाणूची तपासणी, पॉझिटिव्ह आली. वय ४६, मुलगा इंजिनिअरिंगला. पुढची तपासणी कधी करायची हे कुणी विचारलंच नाही, सासूबाईंचा संशय सुनेवर, सुनेचा नवऱ्यावर, आणि नवरा बिचारा तोंड लपवून गॅलरीत.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो हे खरंय, लपवण्यात काही अर्थ नाही. पण तो इतका कॉमन आहे की बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, ना खाज ना ताप, पत्ताही लागत नाही आणि बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांचा जात नाही, त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार असले तर, त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी हळूहळू बिघडू शकतात आणि कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणजे आज रिपोर्ट आला म्हणून गेल्या महिन्यात कुणी काही केलं असं अजिबात नाही! जुना असेल, दबून बसलेला परत वर आला असेल, कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होतो.

बरं, ही टेस्ट कामाची आहे याचा मोठा पुरावा आला कुठून? आपल्या उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांना घेऊन अभ्यास केला, २००९ला निकाल छापून आला. जिथे एकदाच, फक्त एकदाच एचपीव्ही टेस्ट आणि गरज असेल तिथे उपचार झाले, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आणि आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरात दोन बायकांचीही या कॅन्सरची कुठलीच तपासणी झालेली नव्हती. डोकं फिरतं हो.

एचपीव्ही टेस्ट महाग वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात व्हीआयए करतात. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, कापसाने आत लावतात, मिनिटभर थांबतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. थोडं चुरचुरतं, बास. विषाणूवर औषध नाहीये पण त्या पेशी कॅन्सर व्हायच्या आधीच काढून टाकता येतात, बऱ्याचदा ओपीडीतच.

आता लस. सीरमने पुण्यात बनवलेली सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस २०२३ला आली. शाळेच्या आयांच्या ग्रुपवर विषय काढला की ठरलेला रिप्लाय, "आमची मुलगी तसली नाही, आत्तापासून कशाला?" अहो आत्ताच, कारण विषाणू अंगात शिरायच्या आधी घेतली तरच पूर्ण उपयोग, म्हणून तर ९ ते १४ वय सांगतात. आणि मुलगी उद्या लग्न करणारच ना, मग जावयाचा इतिहास काय पत्रिकेत बघणार आहात? काँडोमने धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण हा कातडीला कातडी लागूनही पसरतो.

मुलग्यांच्या आया तर या चर्चेत नसतातच. त्यांनाही लस देता येते. पुरुषांना यातून गुप्तांगावर चामखिळी होतात, घशाचा, गुदद्वाराचा कॅन्सर होऊ शकतो, आणि बायकोकडे विषाणू जातो तो काय आकाशातून पडतो का?

लस घेतली असली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, लशीत सगळे प्रकार येत नाहीत. आणि संबंधानंतर डाग दिसले किंवा पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर कॅम्पची वाट बघत बसू नका, सरळ गायनॅककडे जा, दिवाळी झाल्यावर, भाचीचं लग्न उरकल्यावर असलं काही नको.