नदी टँकमधले लोच गेले, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू दोनदा वाचला. चार फुटी टँकला आम्ही नदीसारखा प्रवाह करून दिला, तीन आठवड्यांत प्रवाह मंदावला, मग पाणी दुधाळ झालं, पाच हिलस्ट्रीम लोचपैकी (डोंगरी ओढ्यांच्या जोरदार प्रवाहात राहणारे छोटे मासे) तीन गेले आणि फोन केलात तर आमचा पोरगा म्हणाला "तुम्हीच काहीतरी केलं असेल". हे शेवटचं आधी घेतो. ज्याचे मासे मेलेत त्याच्याशी असं कोणी बोलतं का, माफ करा, त्याला चांगलं झापलंय.

पण "फिल्टर दिलाच नाही, नुसते दोन पंप आणि पाईप" हे जे लिहिलंय ते नाही पटलं. डबा दिसत नाही कारण यात स्पंज हाच फिल्टर असतो. उजव्या टोकाला सक्शनवर दोन स्पंज, तिथून पाणी गोट्यांखालच्या पाईपमधून डावीकडच्या पॉवरहेडला, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या त्या दोन पंपांना, जातं आणि पॉवरहेड ते परत उजवीकडे फेकतात, म्हणून सगळं पाणी एकाच दिशेने वाहतं. नुसते पॉवरहेड कोपऱ्यात चिकटवले असते तर पाणी समोरच्या काचेवर आपटून मागे फिरलं असतं, भोवरे झाले असते, नदी नाही. आणि तुम्ही म्हणता तसा ताशी 1000 लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर, लावला असता तर तुमचं 200 लिटर पाणी तासाला पाचदा फिरलं असतं, तेही खोक्यावरच्या आकड्यानुसार, आत पाणी गाळायचा मीडिया (स्पंज, रिंग वगैरे) भरला की त्याहून कमी. लोचला दहा तरी हवं, पंधरा-वीस असेल तर उत्तम, म्हणून ताशी 2000 लिटरचे दोन पॉवरहेड लावले.

आता आमची चूक. स्पंज बारीक छिद्रांचा लावला, तो लवकर तुंबतो, तिथे जाडसर हवा होता. प्रवाह त्यामुळेच पडला. मग "प्रवाह कमी झाला की स्पंज धुवा" एवढंच सांगितलं, कसा धुवायचा ते सांगितलंच नाही. तुमच्या फोटोत दोन्ही स्पंज बेसिनमध्ये नळाखाली धुऊन अगदी नव्यासारखे दिसतायत, आणि खरा घोळ तिथेच झाला. ते आमच्या चालू टँकमधले मुरलेले स्पंज होते, म्हणून तर आठव्या दिवशी मासे सोडा म्हणालो, नाहीतर कोऱ्या टँकला चार ते सहा आठवडे लागतात. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया त्याच स्पंजमध्ये बसलेले असतात, क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात, आणि दोन्ही एकदम धुतले की मागे काही उरत नाही. टँकचंच पाणी बादलीत काढायचं, एकच स्पंज त्यात दोन-तीनदा पिळायचा, चहासारखं पाणी निघालं की बास, मळकट राहिला तरी चालतो. दुसरा दोन आठवड्यांनी.

लोच काचेला चिकटून अगदी वर आले होते आणि कल्ले भराभर हलत होते असं लिहिलंय. अमोनिया आहेच, पण प्रवाह पडला की ऑक्सिजनही पडतो, शिवाय पाण्यातले पंप पाणी तापवतात. 20 डिग्रीला पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच, आणि लोचला तेवढ्यावर भागत नाही.

आजपासून खाणं बंद ठेवा, रोज पाव टँक पाणी बदला, नवीन पाण्यात क्लोरीन काढायचं औषध न विसरता टाका, आणि एका पॉवरहेडचं तोंड वर करा म्हणजे पृष्ठभाग खळखळेल. जाडसर मुरलेले चार स्पंज मी स्वतः येऊन फुकट बसवतो. गेलेले तीन लोचही देणार, पण आत्ता मागू नका, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य दिसले की मगच, तोवर हट्ट केलात तरी देणार नाही. आणि तोपर्यंत गोट्यांखालचे पाईप उपसू नका प्लीज, खालचे जॉइंट चिकटवलेले नाहीत, नुसते दाबून बसवलेत, एक सुटला की सगळ्या गोट्या काढाव्या लागतील. कधी येऊ तेवढं कळवा.