रस्ता पाह्याले चाललो

आमच्या गावात माणूस घराबाहेर पडला की त्याला कारण लागतं. लग्न, तेरवी, कोर्टाची तारीख, बियाणं, बँक, यातलं काहीही चालतं. दारव्ह्याच्या बाजाराला चाललो म्हटलं तर पुढे कोणी विचारत नाही. यवतमाळला दवाखान्यात चाललो म्हटलं तर दोन जण सोबत यायला तयार होतात. पण "कुठी चालले?" या प्रश्नाला "हायवे पाह्याले" असं उत्तर दिलं, की विचारणारा आधी तुमच्याकडे पाहतो, मग तुमच्या बायकोकडे पाहतो, आणि मग तिच्याशीच बोलतो.

हा नाद मला आणि आमच्या मास्तरांना आहे. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, माझं कृषी केंद्र आहे. वेळ त्यांच्याकडे, जुनी ऑल्टो माझ्याकडे. लोक रस्त्यावरून डोंगर पाहतात. आम्ही डोंगर बाजूला ठेवून रस्ता पाहतो. वळणाचा बाक कसा घेतलाय, दुभाजकातली कण्हेर जगली का, दगडाचा माथा कोणत्या रंगाचा. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्याचा, आणि केशरी म्हणजे ग्रामसडक. आमच्या फाट्यावर केशरी माथ्याचा एक दगड आहे. गावातल्या बायांनी इळे घासून घासून त्याची एक बाजू आरशासारखी केली आहे. गावाचं नाव गेलं, अंतर गेलं. पण त्या फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता असा आहे, की अंतर न कळलेलंच बरं.

मागे आम्ही अमरावती-अकोला रस्ता पाहायला गेलो होतो. जून २०२२ मध्ये तिथे सलग डांबरीकरणाचा जागतिक विक्रम झाला. एक पदरी मोजला तर ७५ किलोमीटर रस्ता, १०५ तास ३३ मिनिटांत! त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, तो जेमतेम २५ किलोमीटरचा. लोणी ते माना हा पट्टा पाहून मास्तर इतके भारावले की एका ठिकाणी उतरून त्यांनी डांबराला हात लावला आणि तोच हात कपाळाला.

गावात मात्र तोवर पक्कं झालं होतं की आम्ही मास्तरांच्या पुतण्यासाठी स्थळ पाहायला गेलो. परतल्यावर पिठाच्या गिरणीवर एका काकूंनी त्यांना गाठलं.

"कसं वाटलं मंग?"

"एकदम मजबूत. रुंदीही भरपूर."

काकू जरा दचकल्या. "आन खर्चाचं काय ठरलं?"

"खर्च सगळा सरकारचा."

"म्हंजे सामूहिक विवाहात उरकवता काय?"

पुतण्याने त्यानंतर मास्तरांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून आमचा नियम झाला, की निघायच्या आधी गावाला पटेल असं एक कारण तयार ठेवायचं.

यंदा कार्तिकात मास्तरांच्या मनात राष्ट्रीय महामार्ग ४४ आला. नागपूरच्या पुढे मनसर ते खवासा हा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. तिथे रस्ता खांबांवर उचलून धरलाय आणि खालून जनावरांना वाट ठेवलीय. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ पूल आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. खालच्या कॅमेऱ्यांत वाघ जाता-येताना टिपले गेलेत. माणसाने वाघासाठी रस्ता सोडला, हे मास्तरांना सांगताना गहिवरून येतं. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावरून सख्खा भाऊ भावाला वाट देत नाही.

आता कारण काय सांगायचं? मनसरहून रामटेक हाकेच्या अंतरावर. कार्तिक महिना. देवदर्शन! पण दोन पुरुष, बाया सोबत नाहीत, आणि देवदर्शन? हे तर स्थळापेक्षाही संशयास्पद. म्हणून मी आमच्या मोठमायला विचारलं. माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको, वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. रामटेकला तिची भाची दिलेली. ती लगेच पिशवी भरायला उठली.

मोठमाय येणार म्हटल्यावर सहल गावाची झाली. गाडी नागपूरकडे रिकामी जाते हे गावाच्या मनाला सोसत नाही. एकाने वर्ध्याच्या पोरीसाठी तुरीच्या डाळीचा कट्टा दिला. एकीने कुकर दिला, तो बुटीबोरीला जावयाकडे पोचवायचा, "आन शिट्टी येगळी दिली हाय, हारपू नका." दोन बरण्या लोणचं. एक बंद पाकीट, ज्यात काय आहे ते देणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने नंतर नाकारलं. डिकीत मास्तरांची घडीची खुर्ची बसेना. ती खुर्ची रस्त्याकडेला बसून ट्रक पाहण्यासाठी असते. घरीच राहिली.

मास्तरांनी रजिस्टरमध्ये मार्ग आखला होता. दारव्हा, यवतमाळ, तिथून ३६१ नंबरच्या महामार्गाने कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, मग ४४. परत येताना समृद्धी. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ, टोल आणि शेरा. टोल हा त्यांचा हळवा कोपरा आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला: तेव्हा तीन हजार रुपयांत दोनशे टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. मास्तरांनी निम्मे पैसे देऊन तो माझ्या गाडीवर काढायला लावला, आणि तेव्हापासून त्यांचं वागणं खानावळीचा महिनाभराचा पास काढून एकादशीलाही ताटावर बसणाऱ्या माणसासारखं झालंय. एका टोलला पंधरा रुपये पडतात, म्हणून जिथे जास्त टोल तो रस्ता चांगला. साधा माणूस टोल चुकवायला वाट वाकडी करतो, आमचे मास्तर टोल गाठायला करतात.

पहाटे निघालो. मोठमाय पुढच्या सीटवर, मास्तर मागे डाळीच्या कट्ट्याला टेकून. दारव्ह्यात शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ लागले. मोठमायने हात जोडले. ती लग्न होऊन याच गाडीने आली होती. गाडी बंद पडली, तिचा नमस्कार चालू आहे.

यवतमाळ सोडून महामार्गाला लागलो तसे मास्तर रंगात आले.

"हा तीनशे एकसष्ट. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे त्याच्या मूळ रस्त्याचे. एकसष्ट नंबर भिवंडीकडून नगर, परभणी, नांदेड करत तेलंगणात जातो. हा त्याचा फाटा."

हे मी गावात आजवर पुष्कळांना समजावून पाहिलंय. लोक जांभया देतात. मोठमायने मान डोलावली.

"म्हंजे एकसष्टचा पोरगा."

"तसंच समजा."

"मंग आनखी लेकरं असन त्याले."

"आहेत ना. एकशे एकसष्ट. तो अकोल्याहून निघतो. वाशीम, हिंगोली, नांदेड."

"थोरला वायला निंघाला म्हना." ती थोडा वेळ गप्प राहिली. "दोघं भाऊ भेटते का कुठी?"

"नांदेडकडे भेटतात."

"चांगलं हाय बाप्पा. आमच्या घरचे त दिवायीलेबी भेटत नाही."

मास्तरांनी रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना पुढचा प्रश्न विचारला होता. मग कळंबपर्यंत दोघांनी देशातले महामार्ग नात्यात बसवले. पूर्व-पश्चिम जाणारे विषम, उत्तर-दक्षिण जाणारे सम, हे तिने "सोयरे येगळे, भाऊबंद येगळे" म्हणून एका दमात निकालात काढलं.

तिचा स्वतःचा नकाशाही होता. मास्तरांच्या नकाशात किलोमीटर, तिच्या नकाशात माणसं. "ह्या फाट्यानं आत माह्या नणंदेचं गाव. तिथी पान्याचा लय तरास होता." "हे देवळी. इथच्या पोराले आपली चिंधी दिली असती, पन तो बिड्या ओढे." कळंबला चिंतामणीपुढे थांबावं लागलं, वर्ध्याला डाळ उतरवताना चहा प्यावा लागला, आणि चहाबरोबर गोरसपाक आलाच. मास्तरांच्या वेळापत्रकातली एकेक ओळ खोडली जात होती. बुटीबोरीला जावई घरी नव्हता. कुकर शेजाऱ्याकडे ठेवला, शिट्टी माझ्या खिशात राहिली.

४४ लागला. श्रीनगर ते कन्याकुमारी, देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. मास्तर खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "पूर्वी हा सात नंबर. वाराणसीहून निघायचा. २०१० ला नवे नंबर आले, तेव्हापासून चव्वेचाळीस."

"नावच बदलवलं का?" मोठमाय म्हणाली. "लग्न झालं असन."

आपल्या अमरावती-अकोल्याच्या सहा नंबरचा त्रेपन्न झाला तोही तेव्हाच. पण आमच्याकडे अजून सगळे सहा नंबरच म्हणतात. नवरी पन्नास वर्षांची झाली तरी माहेरी तिला ठमीच म्हणतात, असं मोठमायचं त्यावर म्हणणं. नागपूर बाहेरूनच टाळलं. कन्हान ओलांडली. मनसरच्या पुढे जंगल सुरू झालं तसा मास्तरांचा आवाज खाली आला, वाघ झोपेत असल्यासारखा. पहिला उन्नत पूल आला. गाडी हळू केली. थांबायला मनाई, म्हणून फक्त हळू.

दोन्ही बाजूंना उंच भिंती. गाड्यांचा आवाज आणि उजेड खाली जनावरांना लागू नये म्हणून उभारलेल्या. डोकं वर काढलं तर सागाचे शेंडे दिसत होते, बाकी काही नाही.

"वाघ कुठी हाय?" मोठमाय.

"खाली."

"आन आपन?"

"वर."

"मंग पाह्याले काय आनलं मले? भिती?"

मास्तरांनी खालची रचना समजावली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाघाले कसं कयलं, इथूनच जायचं म्हनून? पाटी लावली का?" याचं उत्तर मास्तरांकडे नव्हतं. खवासापर्यंत जाऊन परत फिरलो. येताना प्रत्येक पुलावर मास्तर अंदाजे लांबी बोलत होते आणि मोठमाय खालच्या वाघाला हात जोडत होती.

रामटेकला भाचीने इतकं जेवू घातलं की गडावर जायला दुसरा दिवस उजाडला. पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी, रोडगे. रजिस्टरमध्ये त्या रकान्यात मास्तरांनी फक्त "मुक्काम" असं लिहिलंय.

परतीचा समृद्धी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर घडण्यासारखं काही नसतं. मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला, दुचाकीला मनाई, कारला ताशी १२० ची मुभा. माझी ऑल्टो नव्वदला थरथरते, त्यामुळे ती मुभा मी दुसऱ्यांना वापरू दिली. अशा सरळ रस्त्यावर चालकाला उघड्या डोळ्यांनी गुंगी येते म्हणतात. मोठमाय शेजारी असताना येत नाही. "इथी कोनाचंच गाव नाही लागत का बावा?" हे ती धामणगावपर्यंत विचारत होती. गावं होती, पण कुंपणापलीकडे. फाट्यावर हात दाखवून सांगावं अशी एकही नणंद जवळून गेली नाही. त्यात हा रस्ता राज्याचा, म्हणून आमचा वार्षिक पास इथे चालत नाही. कारंज्याला उतरताना टोलचे पैसे कापले गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले.

खरी परीक्षा गावात असते. सहल करणं सोपं, सांगणं कठीण. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी सुरुवात केली, "यवतमाळ सोडलं की चौपदरी..."

"एवरेज किती देल्लं?"

सांगितलं.

"तिकडं कापसाले काय भाव हाय?"

माहीत नाही म्हटलं.

"पऱ्हाटी कशी हाय देवळीकडं? बोंडअळी दिसली का?"

मी महामार्ग पाहत होतो, असं सांगितल्यावर पारावर जी शांतता पसरली, ती कृषी केंद्रवाल्याला परवडणारी नाही. दोन दिवस इकडून तिकडे फिरला आणि शेतं नाही पाहिली? मास्तरांनी रजिस्टर काढून वेळा वाचायला घेतल्या तेव्हा दोघं-तिघं तंबाखू मळत उठलेच.

पलीकडे मोठमायच्या ओट्यावर मात्र जागा नव्हती. तिने पऱ्हाटीपासून सुरू केलं. वर्ध्याकडे वेचणी कशी चाललीय, मजुरी किती, कोणाच्या तुरीला फूल आलं, देवळीचा तो बिड्या ओढणारा आता सरपंच झाला म्हणे, हे सगळं तिने कधी विचारून घेतलं देव जाणे. मग पूल. पहिल्या दिवशी वाघ पुलाखाली होता. दुसऱ्या दिवशी त्याने मान वर केली. तिसऱ्या दिवशी दुकानात युरिया घ्यायला आलेला पोरगा मला विचारत होता, "भाऊ, वाघ गाडीच्या मांगं लागला व्हता म्हनते?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुमाले नसन दिसला. तुमी रस्ता पाहत व्हते."

नंबरांचंही तसंच. जे मला समजावता आलं नाही ते आता गावातल्या बायांना तोंडपाठ आहे. एकसष्टचा थोरला अकोल्याचा, धाकटा आपल्या यवतमाळचा. धाकट्यावर अन्याय झाला असं गावाचं एकमत आहे. कशात झाला, ते ठरायचंय.

परवा मोठमाय दुकानात आली, खताच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मास्तरले इचार, त्या एकसष्टच्या घरात सगळ्यात लहान कोन हाय. त्याले पाहून येऊ. भजनी मंडळाच्या बाया तयार हाय."

मास्तरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "लहान म्हणजे लांबीने की नंबरने?"

"वयानं रे बावा," मोठमाय म्हणाली.

मास्तर तेव्हापासून कोणता फाटा कधी जाहीर झाला ते शोधताहेत, आणि वाटेत टोल किती लागतील तेही. लोणच्याच्या बरण्या दुकानात यायला लागल्या आहेत. कुकरची शिट्टी त्या बुटीबोरीच्या जावयाला पोचवायची राहिलीच आहे, तेव्हा या वेळी कारण शोधावं लागणार नाही.