रस्त्याकडेचं कॅचफ्लाय उपटू नका

"रॉयल कॅचफ्लाय लावा, हमिंगबर्ड दारात येतील" हा मेसेज इथल्या, अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरतोय. रॉयल कॅचफ्लाय म्हणजे लाल फुलांचं इथलं रानझाड, आणि हमिंगबर्ड म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. मी सोडून दिला असता. पण रविवारी वहिनींचा फोन आला, "भावोजी, हायवेच्या कडेला तीच लाल फुलं दिसली. खुरपं घेऊन जाऊ या का?" इलिनॉयमध्ये! आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, 'रस्त्याकडेला फुकट मिळतं, मुळासकट काढून कुंडीत लावा.' अहो, हे झाड इलिनॉय राज्याच्या 'धोक्यात' असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. जागेच्या मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ते काढणं बेकायदा आहे. आणि काढून हाती काय लागणार? त्याचं सोटमूळ जाड आणि खोल, खुरप्याने ते तुटतंच. मेन्जेस आणि डोलन या संशोधकांनी १६ ठिकाणची कॅचफ्लायची झाडं, काही ठिकाणी तर सात वर्षं, मोजली. १९९८ मध्ये 'जर्नल ऑफ इकॉलॉजी'त ते छापून आलंय. झाड दीर्घायुषी, पण वाढ अगदी सावकाश, आणि नवी रोपं दरवर्षी नाही, एखाद्याच वर्षी उगवतात. तुम्ही उपटलेल्या एका झाडाची जागा भरायला किती वर्षं जातील याचा विचार करा. हे झाड वाढतं ते प्रेअरीचे, म्हणजे इथल्या मूळ गवताळ माळांचे, तुकडे आधीच मोजके उरलेत.

'मार्चमध्ये पेरा, जुलैत फुलं.' नाही. बियांना आधी साधारण दोन महिने ओलसर गारठा लागतो. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघड्यावर पेरा, बाकीचं काम हिवाळा करतो. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुबका येतो, फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी.

'हे झाड किडे खातं.' फुलाखालचा भाग चिकट असतो आणि बारीक किडे त्यात अडकतात, एवढं खरं. पण म्हणून ते कीटकभक्षी ठरत नाही.

हमिंगबर्ड येतात हे मात्र मान्य. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डच याचं मुख्य परागीभवन करतो. त्याच्यासाठी ठेवायच्या साखरपाण्यात लाल रंग घालायची गरज नाही, एक भाग साखर आणि चार भाग पाणी पुरे.

'पुण्याला बी पाठवा, तिथेही येतील' हे तर सरळ खोटं. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर सापडतच नाहीत. पुण्यात फुलांवर येतो तो शिंजीर, हा वेगळाच पक्षी, आणि त्याला तिथलीच झाडं पुरतात.

वहिनी, नर्सरीत वाढवलेल्या झाडांचं बी मी मागवलंय. ऑक्टोबरात तुमच्या मागच्या अंगणात पेरू.